मॉड_जेके १.२.५०: अपाची आणि टॉमकॅटमधला हा जुना दुवा आजही वापरावा का?

मॉड_जेके हे अपाची या वेब सर्व्हरचे मॉड्यूल. ब्राउझरकडून आलेल्या रिक्वेस्ट ते मागच्या टॉमकॅटकडे, म्हणजे जावा ॲप्लिकेशन चालवणाऱ्या सर्व्हरकडे, पोहोचवते. एकापेक्षा जास्त टॉमकॅट चालवायचे असतील, लॉगिन झालेला वापरकर्ता शेवटपर्यंत त्याच टॉमकॅटकडे जायला हवा असेल आणि कुठला नोड (म्हणजे त्यांतला एखादा टॉमकॅट) आजारी आहे हे एका पानावर दिसायला हवे असेल, तर मॉड_जेके आजही घेण्यासारखे आहे. टॉमकॅट एकच असेल आणि मांडणी नव्याने करत असाल, तर त्याच्या वाटेला जाण्याचे कारण नाही, अपाचीसोबतच येणारे मॉड_प्रॉक्सी_एचटीटीपी पुरते. मॉड्यूल भक्कम आहे, पण त्याची डिफॉल्ट सेटिंग्ज भाबडी आहेत. नेटवर्क कधी तुटणार नाही आणि टॉमकॅट कधी अडकणार नाही, असे धरून ती ठरवलेली दिसतात. लोक मॉड_जेकेच्या नावाने जी बोटे मोडतात, त्यातली निम्मी या डिफॉल्टमुळे आणि उरलेली टॉमकॅटच्या २०२० नंतरच्या बदलांमुळे.

मॉड_जेके टॉमकॅटशी एजेपी १.३ या बायनरी प्रोटोकॉलने बोलते, साधारणपणे ८००९ पोर्टवर. याचा फायदा खरा आहे: ब्राउझरचा मूळ आयपी, एचटीटीपीएस होते की नाही, सर्टिफिकेटची माहिती, अपाचीने ओळख पटवलेल्या वापरकर्त्याचे नाव, हे सगळे वेगळे हेडर न लावता टॉमकॅटपर्यंत पोहोचते. वापरकर्त्याच्या नावासाठी मात्र टॉमकॅटच्या एजेपी कनेक्टरवर (एजेपीची जोडणी स्वीकारणाऱ्या भागावर) टॉमकॅटऑथेंटिकेशन ‘फॉल्स’ करावे लागते, नाहीतर टॉमकॅट अपाचीने पाठवलेले नाव बाजूला ठेवतो. मॉड_जेके२ नावाचा एक धाकटा भाऊ होता, तो २००४ मध्येच बंद झाला. एखाद्या लेखात त्याचे नाव दिसले तर लेख तिथेच मिटवावा.

बसवणे आणि आवृत्ती

हे मॉड्यूल अपाचीच्या गाभ्यात नाही. ते टॉमकॅट प्रकल्पाकडून वेगळे येते. डेबियन आणि उबुंटूवर लिबअपाची२-मॉड-जेके हे पॅकेज आहे. पॅकेज नसेल तिथे अपाचीचे डेव्हलपमेंट पॅकेज टाकायचे, सोर्सच्या ‘नेटिव्ह’ फोल्डरमध्ये जाऊन कॉन्फिगरला ‘विथ-एपीएक्सएस’मधून एपीएक्सएसचा (अपाचीचे मॉड्यूल बांधणाऱ्या साधनाचा) पत्ता द्यायचा, मग मेक आणि मेक इन्स्टॉल. यात फारसे काही चुकत नाही. चुकते ते आवृत्तीत.

१.२.४८ आणि त्याआधीच्या आवृत्त्यांत एक छुपी सवय होती. जेकेऑप्शन्समध्ये फॉरवर्डडिरेक्टरीज चालू असेल आणि एखाद्या पत्त्यासाठी जेकेमाउंट (कुठला पत्ता कोणाकडे पाठवायचा हे सांगणारी ओळ) लिहिलेले नसेल, तर काही परिस्थितीत मॉड्यूल ती रिक्वेस्ट यादीतल्या पहिल्या वर्करकडे (वर्कर म्हणजे रिक्वेस्ट जिकडे जाते ते ठिकाण, बहुधा एक टॉमकॅट) आपणहून पाठवायचे. त्यातून स्टेटसचे (नोडची अवस्था दाखवणारे) पान उघडे पडू शकत होते किंवा अपाचीत लावलेली बंधने चुकवता येत होती (या सुरक्षा-त्रुटीचा क्रमांक सीव्हीई-२०२३-४१०८१). १.२.४९ मध्ये ही सवय काढून टाकली. म्हणून अपग्रेडनंतर काही पत्ते अचानक ४०४ देऊ लागले, तर नव्या आवृत्तीत बग शोधत बसू नये. ते पत्ते कधी माउंटच केलेले नव्हते. १.२.५० ने युनिक्सवरच्या शेअर्ड मेमरी फाइलच्या ढिल्या परवानग्या दुरुस्त केल्या. आज घ्यायची तर हीच किंवा हिच्या पुढची.

टॉमकॅट अपग्रेड केला आणि सगळे बंद पडले

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि इथे दोष मॉड_जेकेचा नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये घोस्टकॅट (सीव्हीई-२०२०-१९३८) ही एजेपीतली सुरक्षा-त्रुटी उघड झाली आणि टॉमकॅटने ७.०.१००, ८.५.५१ आणि ९.०.३१ पासून एजेपीचे दरवाजे आवळले. एकदम चार गोष्टी बदलल्या, आणि प्रत्येकीचे लक्षण वेगळे आहे.

पहिली: टॉमकॅटच्या सर्व्हर.एक्सएमएल या फाइलमधला एजेपी कनेक्टर आता कॉमेंटमध्ये असतो. पोर्टच उघडत नाही, आणि मॉड_जेकेच्या लॉगमध्ये लिनक्सवर एरर क्रमांक १११ येतो, म्हणजे समोरून कनेक्शन नाकारले गेले.

दुसरी: ॲड्रेस दिला नसेल तर कनेक्टर फक्त लूपबॅकवर, म्हणजे त्याच मशीनपुरत्या पत्त्यावर, ऐकतो. अपाची दुसऱ्या मशीनवर असेल तर पुन्हा तोच १११. एकाच मशीनवर असूनही १११ येत असेल, तर कॉमेंट काढलेली ओळ नीट वाचावी. त्या नमुन्यात ॲड्रेस ‘::१’ असा आयपीव्ही६चा आहे, आणि वर्कर्स.प्रॉपर्टीजमध्ये (मॉड_जेकेच्या वर्करची माहिती असलेल्या फाइलमध्ये) होस्ट १२७.०.०.१ लिहिलेला असतो. दोघेही लूपबॅकच, पण एकमेकांना भेटत नाहीत. होस्टमध्ये ‘लोकलहोस्ट’ लिहूनही सुटत नाही, कारण मॉड_जेके मुळात आयपीव्ही४ला पसंती देते. टॉमकॅटच्या बाजूला ॲड्रेस १२७.०.०.१ करणे सर्वांत सोपे. ‘एसएस -एलटीएन’ ही कमांड चालवली की कोण कुठे ऐकतो ते लगेच कळते.

तिसरी: सीक्रेटरिक्वायर्ड आता डिफॉल्टने ‘ट्रू’ असते. सीक्रेट (दोन्हीकडे सारखा ठेवायचा परवलीचा शब्द) दिलेच नाही तर कनेक्टर सुरूच होत नाही, आणि कॅटालिनाच्या, म्हणजे टॉमकॅटच्या स्वतःच्या, लॉगमध्ये तसे स्पष्ट लिहिलेले असते. तरीही लोक अपाचीचा लॉग चाळत बसतात. सीक्रेट दिले पण वर्करच्या ‘सीक्रेट’ प्रॉपर्टीशी जुळले नाही, तर प्रत्येक रिक्वेस्टला ४०३. यातली खोच अशी, की मॉड_जेकेच्या सीपिंग तपासणीत (‘टॉमकॅट उत्तर देतो का’ एवढेच विचारणाऱ्या) सीक्रेट बघितलेच जात नाही. म्हणून स्टेटसच्या पानावर नोड ‘ओके’ दिसतो आणि वापरकर्त्याला मात्र ४०३ मिळतो. अशा वेळी ॲप्लिकेशनच्या परवानग्या तपासण्याआधी दोन्हीकडचे सीक्रेट अक्षर न् अक्षर ताडून पाहावे.

चौथी, आणि पकडायला सर्वांत चिवट: टॉमकॅटला अनोळखी असलेले रिक्वेस्ट ॲट्रिब्यूट आले की तो ४०३ देतो. जेकेएन्व्हव्हारने किंवा सिंगल साइन-ऑनच्या मॉड्यूलमधून जास्तीची माहिती पाठवणाऱ्यांना याचा फटका बसतो. सीक्रेट बरोबर, पोर्ट बरोबर, तरी ४०३. कनेक्टरवरच्या अलाउडरिक्वेस्टॲट्रिब्यूट्सपॅटर्नमध्ये त्या नावांचा रेग्युलर एक्स्प्रेशन द्यावा. ‘डॉट-स्टार’ लिहून सगळ्यांना वाट करून देणे म्हणजे केलेला बंदोबस्त स्वतःच्या हाताने मोडणे.

एरर क्रमांकांबद्दल आणखी थोडे. ११० म्हणजे वेळ संपली, बहुधा मधल्या फायरवॉलने पॅकेट गिळले. १३ म्हणजे परवानगी नाही, आणि रेड हॅटच्या घराण्यात हा जवळजवळ नेहमी एसईलिनक्सचा (लिनक्सवरच्या जादा सुरक्षा-बंधनांचा) असतो: एचटीटीपीडी_कॅन_नेटवर्क_कनेक्ट हे बुलियन चालू करावे, सेटएसईबूल या कमांडला ‘-पी’ लावून, म्हणजे रीबूटनंतरही टिकते. एसईलिनक्सच बंद करा असा सल्ला सर्रास दिला जातो, तो ऐकू नये.

या सगळ्याच्या आधी एक तपासणी मात्र करायचीच. त्याच मशीनवरून टॉमकॅटच्या ८०८० वरच्या एचटीटीपी कनेक्टरला कर्ल या कमांडने थेट विचारावे. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

४०४ कोणी दिला?

आधी एरर पानाचा चेहरा बघावा. अपाचीचे पान असेल तर रिक्वेस्ट मॉड_जेकेपर्यंत गेलीच नाही. टॉमकॅटचे असेल तर दुवा ठीक आहे आणि कॉन्टेक्स्ट पाथ (टॉमकॅटमधला ॲप्लिकेशनचा पत्ता) चुकला आहे.

अपाचीचे पान येण्यामागे पहिला संशय व्हर्च्युअल होस्टवर (एकाच अपाचीत वेगवेगळ्या साइट किंवा पोर्टसाठी केलेल्या वेगळ्या मांडणीवर). मुख्य कॉन्फिगरेशनमध्ये लिहिलेले जेकेमाउंट व्हर्च्युअल होस्टमध्ये आपोआप उतरत नाहीत. एकतर ते त्या होस्टच्या आत लिहावेत, किंवा आत जेकेमाउंटकॉपी ‘ऑन’ करावे. ८० वर चालते आणि ४४३ वर ४०४, ही तक्रार आली की कारण हेच, कारण ४४३चा होस्ट वेगळ्या फाइलमध्ये असतो आणि तिथे माउंट लिहायचे राहून जाते.

दुसरे कारण, ‘/ॲप/*’ हा पॅटर्न नुसत्या ‘/ॲप’ला लागू होत नाही. त्यासाठी मॉड_जेकेची स्वतःची छान सोय आहे: ‘/ॲप|/*’ लिहिले की एका ओळीत दोन्ही येतात. तिसरे, मॉड_रीराइटने पत्ता बदलला असेल तर नियमाला ‘पीटी’ फ्लॅग हवा, नाहीतर बदललेला पत्ता माउंटच्या नजरेस पडत नाही. पत्त्यात एन्कोड केलेला स्लॅश असेल तर अपाची स्वतःच ४०४ देतो. ते अलाउएन्कोडेडस्लॅशेसचे प्रकरण आहे आणि टॉमकॅटही त्या स्लॅशला सहजासहजी आत घेत नाही, त्यामुळे शक्य असेल तर असे पत्ते ॲप्लिकेशनमधूनच काढावेत.

टाइमआउट: इथेच पाणी मुरते

आधी एककांचा गोंधळ. सॉकेट_टाइमआउट सेकंदांत, सॉकेट_कनेक्ट_टाइमआउट मिलिसेकंदांत. कनेक्शन_पूल_टाइमआउट, कनेक्शन_पिंग_इंटरव्हल आणि रिकव्हर_टाइम सेकंदांत, पिंग_टाइमआउट आणि रिप्लाय_टाइमआउट मिलिसेकंदांत. टॉमकॅटकडचे कनेक्शनटाइमआउट मिलिसेकंदांत. एकाच फाइलमध्ये दोन एकके ठेवण्याचा हा निर्णय कोणाचा होता कोण जाणे, पण रिप्लाय_टाइमआउट ६० लिहून ‘सगळ्याच रिक्वेस्ट तुटतात’ म्हणणारे लोक त्याचेच बळी आहेत.

आता रिकामी कनेक्शन. मॉड_जेके एकदा उघडलेले कनेक्शन पुढच्या रिक्वेस्टसाठी धरून ठेवते. कनेक्शन_पूल_टाइमआउटचे डिफॉल्ट ० आहे, म्हणजे ते कधीच सोडत नाही. टॉमकॅटनेही एजेपीवर डिफॉल्टने अमर्याद वाट पाहायचे ठरवलेले आहे. मध्ये फायरवॉल नसेल तर हे चालून जाते. फायरवॉल असेल तर ती बराच वेळ शांत असलेले कनेक्शन दोघांनाही न सांगता विसरते. मग सकाळची पहिली रिक्वेस्ट मेलेल्या कनेक्शनवर जाते आणि लटकते. ‘दिवसभर ठीक, सकाळी अर्धा तास बोंब’ हे लक्षण याचेच. सॉकेट_कीपअलाइव्ह लावणे चांगले, पण लिनक्सवर पहिला कीपअलाइव्ह ७२०० सेकंदांनी जातो आणि बहुतेक फायरवॉल तोवर थांबत नाहीत. ती कर्नलची सेटिंगही उतरवावी लागते.

उपाय जोडीने करायचा: वर्करवर कनेक्शन_पूल_टाइमआउट ६०० आणि टॉमकॅटच्या एजेपी कनेक्टरवर कनेक्शनटाइमआउट ६०००००. एकाच बाजूला लावले तर नवे दुखणे उभे राहते. टॉमकॅट कनेक्शन बंद करतो, अपाचीला ते पुढच्या वापरापर्यंत कळत नाही, आणि एसएसमध्ये अपाचीच्या बाजूला क्लोज_वेटची (समोरून बंद झालेल्या, पण इथे न सोडलेल्या कनेक्शनची) रांग दिसते. शिवाय कनेक्शन_पूल_मिनसाइजचे डिफॉल्ट पूलच्या निम्मे असते, म्हणजे टाइमआउट लावूनही निम्मी कनेक्शन सुटत नाहीत. ते ० करावे. कनेक्शन_पूल_साइजला मात्र हात लावू नये. मॉड_जेके ते अपाचीच्या थ्रेड्सपरचाइल्डवरून स्वतः काढते आणि बरोबर काढते.

पिंग_मोड ‘ए’ करावा. त्यामुळे कनेक्शन उघडताना, प्रत्येक रिक्वेस्टच्या आधी आणि मधूनमधून सीपिंग जाते आणि सीपाँग आले तरच पुढचे काम होते. पिंग_टाइमआउटचे डिफॉल्ट १०००० आहे, म्हणजे दहा सेकंद. एकाच नेटवर्कमध्ये ते कमी केले तरी चालते, पण टॉमकॅटला मोठा गार्बेज कलेक्शनचा (जावाची मेमरी साफ करण्याचा) थांबा लागत असेल तर फार कमी करू नये, चांगला नोड उगाच एररमध्ये जाईल. आणि सीपाँग आले म्हणजे ॲप्लिकेशन ठणठणीत आहे असे नाही. ते कनेक्टर देतो. डेटाबेसचा पूल संपून सगळे ॲप अडकले असले तरी सीपाँग हसतमुखाने येते.

म्हणून रिप्लाय_टाइमआउट हवा, आणि त्याचे डिफॉल्ट पुन्हा ०. हा पूर्ण रिक्वेस्टचा वेळ नसून टॉमकॅटकडून येणाऱ्या दोन पॅकेटमधला कमाल खंड आहे. लांबलचक फाइल हळूहळू येत असेल तर तो लागू पडत नाही. दोन मिनिटे काहीच न बोलता बसणाऱ्या रिपोर्टला लागू पडतो. अशा एखाद्या रिपोर्टसाठी सगळ्या ॲप्लिकेशनचा टाइमआउट फुगवू नये. जेकेमाउंटफाइल वापरून त्या एका पत्त्याच्या ओळीत, अर्धविरामानंतर, वेगळा रिप्लाय_टाइमआउट देता येतो. मॉड_जेकेचा हा गुण फार कमी लोक वापरतात.

पण रिप्लाय_टाइमआउट लावलात की त्याच बैठकीत रिकव्हरी_ऑप्शन्स बदलाच. डिफॉल्ट ० चा अर्थ असा, की रिक्वेस्ट टॉमकॅटला मिळाल्यानंतर तो गप्प राहिला तरी मॉड_जेके तीच रिक्वेस्ट पुन्हा पाठवू शकते, लोड बॅलन्सर (काम अनेक नोडमध्ये वाटणारा वर्कर) असेल तर दुसऱ्या नोडकडे. पहिला नोड मेलेला नसतो, फक्त हळू असतो. एक ऑर्डर दोनदा नोंदली जाते, पैसे दोनदा कापले जातात, आणि लॉगमध्ये दोन्ही वेळा ‘यशस्वी’. रिकव्हरी_ऑप्शन्स ३ केले की रिक्वेस्ट टॉमकॅटपर्यंत पोहोचल्यावर पुनरावृत्ती होत नाही. गेट आणि हेड पुन्हा पाठवायला हरकत नसेल तर २७, पण तुमच्या गेट रिक्वेस्ट खरोखर काही बदलत नाहीत याची खात्री असेल तरच. वापरकर्त्याला एखादा ५०४ दिसेल, तो दोनदा पैसे कापण्यापेक्षा बरा. हे डिफॉल्ट ० ठेवल्याबद्दल या मॉड्यूलचे गुण मी सर्वांत जास्त कापतो.

जुन्या टॉमकॅटवाल्यांसाठी एक हिशेब. मॅक्सरिक्वेस्टवर्कर्स ४०० असलेले दोन अपाची एका टॉमकॅटकडे ८०० कनेक्शन उघडू शकतात, कारण अपाचीच्या प्रोसेस आपले पूल एकमेकांशी वाटून घेत नाहीत. टॉमकॅटचे मॅक्सथ्रेड्स डिफॉल्टने २००. जुन्या ब्लॉकिंग कनेक्टरमध्ये रिकामे कनेक्शनही एक थ्रेड अडवायचे, म्हणून कामाविनाच थ्रेड संपायचे. तो कनेक्टर ८.५ पासून काढून टाकला. आता रिकामी कनेक्शन थ्रेड खात नाहीत, पण टॉमकॅट ७ अजून चालवत असाल तर थ्रेड संपण्याचे कारण आधी इथे शोधा.

मोठी हेडर

काही मोजक्याच वापरकर्त्यांना एरर येतो आणि बाकीच्यांना येत नाही, तेव्हा हेडरचा आकार बघावा. एजेपीचे एक पॅकेट डिफॉल्टने ८१९२ बाइटचे असते आणि सगळी रिक्वेस्ट हेडर त्यात मावावी लागतात. बऱ्याच ग्रुपमध्ये असलेल्या माणसाचे केर्बेरॉस तिकीट (लॉगिनची ओळख सांगणारा मजकूर) किंवा वर्षभर साठलेल्या कुकी ती मर्यादा सहज ओलांडतात. वर्करवर मॅक्स_पॅकेट_साइज ६५५३६ आणि टॉमकॅटवर पॅकेटसाइज ६५५३६, दोन्हीकडे तोच आकडा. उत्तर ४०० असेल आणि पान अपाचीचे असेल, तर अडथळा त्याहून आधीचा आहे: लिमिटरिक्वेस्टफील्डसाइज, डिफॉल्ट ८१९०.

लोड बॅलन्सर आणि स्टेटसचे पान

मॉड_जेकेची खरी किंमत इथे वसूल होते. सेशन चिकटण्यासाठी, म्हणजे वापरकर्ता त्याच नोडकडे राहण्यासाठी, टॉमकॅटच्या एंजिनवरचा जेव्हीएमरूट आणि वर्करचे नाव अगदी सारखे हवे. ब्राउझरमधल्या जेसेशनआयडी कुकीच्या शेवटी बिंदूनंतर ते नाव दिसते. बिंदूच दिसत नसेल तर जेव्हीएमरूट लागलेलाच नाही. दिसत असेल आणि तरी लोक लॉगआउट होत असतील, तर नावातला लहान-मोठ्या लिपीचा फरक बघावा.

स्टेटस वर्करच्या पानावरून नोड ‘डिसेबल’ करता येतो. मग जुने सेशन तिथेच राहतात आणि नवे येत नाहीत. सेशन ओसरले की ‘स्टॉप’ करून डिप्लॉय करायचे. हे काम इतक्या सरळपणे करणारी साधने कमीच. मात्र पानावर केलेला बदल वर्कर्स.प्रॉपर्टीजमध्ये लिहिला जात नाही. तो कायम हवा असेल तर फाइलमध्येही करावा. पान ‘रिक्वायर आयपी’ने बांधलेले असावे, नाहीतर तुमचे नोड बंद करायचे बटण जगाच्या हातात असते. नुसते बघण्यापुरते हवे असेल तर रीड_ओन्ली ‘ट्रू’ करता येते. जेकेएसएचएमफाइल, म्हणजे ती शेअर्ड मेमरी फाइल, स्थानिक डिस्कवर ठेवावी, एनएफएसवर (नेटवर्कवरच्या डिस्कवर) नको.

शोधासाठी जेकेलॉगलेव्हल ‘डीबग’ करायची घाई नको, चालत्या सर्व्हरवर तो लॉग डिस्क भरून टाकतो. त्याऐवजी अपाचीच्या नेहमीच्या ॲक्सेस लॉगमध्ये मॉड_जेकेच्या नोट्स टाकाव्यात: जेके_वर्कर_नेम, जेके_रिक्वेस्ट_ड्युरेशन, आणि लोड बॅलन्सर असेल तर जेके_एलबी_फर्स्ट_नेम व जेके_एलबी_लास्ट_नेम. शेवटची दोन नावे वेगळी दिसली की त्या रिक्वेस्टला पहिल्या नोडने दगा दिला आणि दुसऱ्याने निभावले, हे एका ओळीत कळते.

मग पर्याय कोणते?

मॉड_प्रॉक्सी_एजेपी तोच प्रोटोकॉल अपाचीच्या गाभ्यातून देते, २.२ पासून. सीक्रेट पाठवण्याची सोय त्यात २.४.४२ ला आली. त्याची एक खोड लक्षात ठेवावी: एकदा कनेक्शन फसले की पुढची ६० सेकंद ते टॉमकॅटला विचारतच नाही आणि ५०३ देत राहते. टॉमकॅट रीस्टार्ट झाल्यावरही मिनिटभर साइट बंद दिसते ती यामुळे. टॉमकॅट एकच असेल तर ‘रीट्राय’ ० करावे. दोन्हीकडचे पाथ वेगळे असतील आणि रीडायरेक्ट चुकत असेल, तर प्रॉक्सीपासरिव्हर्समध्ये एजेपीचा पत्ता न लिहिता बाहेरून दिसणारा एचटीटीपीचा पत्ता लिहावा, कारण टॉमकॅट रीडायरेक्टमध्ये तोच पाठवतो.

वेबसॉकेट हवे असेल तर एजेपीचा विषयच संपतो, कारण प्रोटोकॉलमध्ये ती सोयच नाही. अपाची आणि टॉमकॅटमधली वाट एन्क्रिप्ट करायची असेल तरी तेच, एजेपीवर सीक्रेटसुद्धा उघड्यानेच जाते. दोन्ही कारणांसाठी मॉड_प्रॉक्सी_एचटीटीपी घ्यावे. तिथे मूळ आयपी आणि एचटीटीपीएसची माहिती आपोआप पोहोचत नाही: अपाचीत प्रॉक्सीप्रिझर्व्हहोस्ट ‘ऑन’, एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो हेडर रिक्वेस्टहेडरने स्वतः लावायचे, आणि टॉमकॅटवर ही हेडर वाचणारा रिमोटआयपीव्हॉल्व्ह. हे राहिले आणि ॲप्लिकेशन एचटीटीपीएसचा आग्रह धरत असेल, तर ब्राउझर त्याच पानावर गोल गोल फिरून ‘खूप रीडायरेक्ट’ म्हणत थांबतो. व्हॉल्व्ह लावूनही आयपी प्रॉक्सीचाच दिसत असेल, तर अपाचीचा पत्ता इंटर्नलप्रॉक्सीजच्या पॅटर्नमध्ये बसतो का ते तपासावे. खासगी पट्ट्यांबाहेरचा पत्ता असेल तर तो हाताने घालावा लागतो.